मौनाची वर्गणी

२०१९च्या नोव्हेंबरमधली गोष्ट. बाबांच्या क्रेडिट कार्डाची बिलं फाइलला लावत होतो. एका नोंदीभोवती पेन्सिलीने गोल केलेला दिसला. २,३९९ रुपये, एका परदेशी अँटिव्हायरस कंपनीला. मागची बिलं काढली. २०१८च्या नोव्हेंबरातही तसाच गोल, २०१७लाही. ज्या लॅपटॉपसाठी ते अँटिव्हायरस होतं, त्याचा मदरबोर्ड २०१७च्या उन्हाळ्यातच गेला होता आणि तो आम्ही भंगारात दिला होता.

बाबांना विचारलं. म्हणाले, “मला वाटलं, तुझ्या अभ्यासाचं काहीतरी असेल. म्हणून बोललो नाही.”

खरेदी मीच केली होती, २०१६मध्ये. पहिल्या वर्षी फक्त ९९९ रुपये, कार्ड बाबांचं आणि खाली आधीच टिक केलेला एक बारीक चौकोन. ती टिक मी काढली नाही. मी गप्प, बाबा गप्प आणि ७,१९७ रुपये गेले. कंपनीने शेवटच्या वर्षाचे पैसे परत केले. आधीच्या दोन वर्षांबद्दल उत्तर आलं, तुम्ही रद्द केलं नव्हतं. म्हणजे ‘नाही’ म्हटलं नाही, तर ‘हो’ धरायचं. हे कधीपासून सुरू झालं, ते मी शोधू लागलो.

आपल्याकडे ‘मौनं संमतिलक्षणम्’ म्हणतात. कायदा मात्र तसं मानत नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी एक इंग्लिश खटला शिकवतात, ‘फेल्टहाउस विरुद्ध बिंडली’, १८६२चा. काकाला पुतण्याचा घोडा हवा होता. त्याने पत्र लिहिलं की, उलट काही कळवलं नाहीस, तर घोडा ३० पौंड १५ शिलिंगांना माझा झाला असं समजेन. पुतण्याने उत्तर दिलं नाही. त्याला घोडा काकालाच द्यायचा होता, लिलाववाल्याला तसं त्याने सांगितलंही होतं. पण चुकून घोडा लिलावात गेला. काकाने लिलाववाल्यावर दावा लावला आणि तो हरला. समोरच्याच्या गप्प बसण्यातून करार होत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. पुतण्या मनातून राजी होता, तरीसुद्धा.

मग पुढे वाट कुठून निघाली? अमेरिकेतल्या पुस्तकांच्या धंद्यातून. १९२६मध्ये हॅरी शर्मन आणि त्याच्या भागीदारांनी न्यूयॉर्कमध्ये ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ काढला. दरमहा निवडलेलं एक पुस्तक सभासदाच्या घरी जायचं. नको असलेली पुस्तकं परत येऊ लागली, तेव्हा क्लबने पद्धत बदलली. पुस्तकाची माहिती आधी पाठवायची, नको असेल तर सभासदाने चिठ्ठी भरून कळवायचं. चिठ्ठी आली नाही, तर पुस्तक निघालं. काकाला जे जमलं नाही, ते क्लबला जमलं, कारण सभासद होताना माणूस एकदा स्पष्ट ‘हो’ म्हणालेला असायचा. त्या एका होकारावर पुढची सगळी मौनं चढवता येत होती.

चिठ्ठी पाठवायला माणसं विसरतात, आळस करतात. रेकॉर्ड विकणाऱ्या क्लबांनीही हीच रीत उचलली. तक्रारी वाढल्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७३मध्ये नियम केला. ग्राहकाला नकार कळवायला किमान १० दिवस द्यायचे.

आपल्याकडे जुन्या वाचकांच्या ओळखीची होती ती व्ही. पी. पार्सल घेऊन पोस्टमन दारात उभा राहायचा. पैसे देऊन सोडवून घ्या, नाहीतर परत पाठवा. निर्णय पैसे देण्याच्या क्षणी व्हायचा. वेबसाइटवर साठवलेल्या कार्डाने हा दारातला पोस्टमनच काढून टाकला.

अँटिव्हायरसचा धंदा त्यासाठी अगदी सोयीचा निघाला. नवे व्हायरस रोज येतात, त्यामुळे त्यांना ओळखणारी यादीही सतत ताजी लागते. म्हणून ही वस्तू वर्षाच्या बोलीवर विकली गेली. पुण्यात काटकर बंधूंनी उभं केलेलं ‘क्विक हील’ आपल्यातल्या अनेकांनी असंच घेतलंय. दुकानातून डबा आणायचा, आतली की टाकायची, वर्ष संपलं की पुन्हा पैसे मोजायचे. विसरलात, तर संरक्षण थांबायचं. नुकसान व्हायचं, पण खिशातून आपोआप काही जायचं नाही. पुढे मोठ्या परदेशी कंपन्यांनी ऑनलाइन विक्रीत आपोआप नूतनीकरण आणलं. संरक्षणात खंड पडू नये, हे त्यांचं कारण खोटं नव्हतं. पण बंद पडलेल्या मशीनलाही संरक्षण मिळत राहिलं आणि दुसऱ्या वर्षीचा दर पहिल्यापेक्षा बराच चढा असायचा.

२००९मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलनी मॅकॅफी आणि सिमँटेक या दोन बड्या कंपन्यांना गाठलं. नूतनीकरणाची अट लांबलचक पानांत आणि बारीक अक्षरांत दडवल्याचा ठपका होता. दोघींनी प्रत्येकी ३,७५,००० डॉलर भरले आणि आधी सूचना देण्याचं कबूल केलं. तरी प्रश्न मिटला नाही. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने २०१८मध्ये चौकशी सुरू केली. २०२१मध्ये मॅकॅफी आणि नॉर्टन, दोघांनी कबूल केलं की, आपोआप नूतनीकरण झालेल्या ग्राहकाला मधेच बाहेर पडता येईल आणि उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील. अमेरिकेत मात्र जितक्या सहज घेतलं तितक्याच सहज रद्द करता यावं, असा २०२४चा नियम लागू होण्याआधीच, जुलै २०२५मध्ये, न्यायालयाने रद्द केला.

भारताने इथे वेगळी वाट धरली. १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने ग्राहकाला कळवायचं आणि त्याला नकाराची सोय द्यायची. ५,००० रुपयांवरच्या रकमेला दरवेळी वेगळी संमती. जून २०२२मध्ये ही मर्यादा १५,००० झाली. तेव्हा अनेकांची ॲप्स बंद पडली आणि आपण बँकेलाच शिव्या घातल्या. मीही घातल्या. पण पोस्टमन पुन्हा दारात आला होता. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्र सरकारने १३ ‘डार्क पॅटर्न’ची यादी काढली, त्यात सबस्क्रिप्शनच्या सापळ्याचंही नाव आहे.

तरी मौनाचा धंदा संपलेला नाही. दोन रुपयांच्या ट्रायलसाठी यूपीआय ऑटोपेला दिलेला होकार आपणही विसरतोच. पेमेंट ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते, एकदा उघडून बघा. मी उघडली, तेव्हा तीन नावं अशी निघाली की, ती मी कधी दिली, तेच आठवेना.

बाबा आता गोल करत बसत नाहीत. पैसे कापले जाणार असल्याचा मेसेज आला की लगेच फोन करतात, “हे आपलं आहे का रे?”