न दुखणारा चट्टा

कातडीवरचा डाग खाजला किंवा दुखला की माणूस दवाखाना गाठतो. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा खाजत नाही, दुखतही नाही. पुष्कळदा तिथली संवेदनाच गेलेली असते. अशा चट्ट्यासाठी रोजंदारीवरच्या मजुराने दिवसाची मजुरी का बुडवावी? मुंबईतील या रोगाचा इतिहास पाहताना हा प्रश्न आम्हांला जंतूइतकाच महत्त्वाचा वाटतो.

जंतू सापडला १८७३ मध्ये, नॉर्वेच्या हॅन्सेन यांना. रोग पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नाही हे त्यावरून कळायला हवे होते. आपल्याकडे भीती मात्र उरली. १८९० मध्ये म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम निघाला. आजचे वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय ते हेच. (शाळिग्रामांच्या साथीने मराठी पोवाडे जमवणारेही हेच ॲकवर्थ!) पुढे १८९८ चा कायदा आला. उघड्यावर भीक मागणाऱ्या किंवा उपजीविकेचे साधन नसलेल्या रोग्याला वॉरंटशिवाय पकडण्याची मुभा त्यात होती. खातापिता रोगी घरीच राही. शिवाय काही धंदे रोग्याला बंद करता येत. मग चट्टा बाहीखाली झाकला जाई, यात नवल ते काय? केंद्राने हा कायदा रद्द केला तो थेट २०१६ मध्ये.

दरम्यान औषधे आली होती. १९४० च्या दशकापासूनचे डॅप्सोन वर्षानुवर्षे घ्यावे लागे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचवलेली बहुविध औषधयोजना आज सहा किंवा बारा महिन्यांत पुरी होते, तीही फुकट. पण रोगी पुढे यायला हवा ना! १९७६ मध्ये डॉ. गणपती यांनी सुरू केलेल्या बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्टने धारावीसारख्या वस्त्यांत जाऊन रोगी शोधले. सरसकट ‘त्वचारोग शिबिर’ भरवले, की गजकर्ण-खरजेच्या रांगेत कुष्ठरोगीही निर्धास्त उभा राहतो. अंधेरीजवळ वर्सोव्याला कुष्ठरुग्णांची सेवा करणाऱ्या विमला डर्मेटॉलॉजिकल सेंटरच्या नावातही केवळ त्वचाच आहे.

जंतू मेले तरी गेलेली संवेदना बहुधा परतत नाही. बधिर पाय रोज पाण्यात भिजवून, घट्टे खरवडून, तेल लावायचे असते. नळाला तासभर पाणी येणाऱ्या झोपडीत एवढे पाणी पायांसाठी काढणे सोपे नाही. मऊ रबरी तळाच्या खास चपला मिळतात. पण त्या शेजाऱ्यांना ओळखू येतात, म्हणून कित्येक जण त्या घालतच नाहीत.