लदेणी: तांड्याचा बैल, गोणी आणि वाट

नांदेड आणि लातूर या भागात रेल्वे येण्यापूर्वी दूरचा माल बहुतांशी बैलांच्या पाठीवरून येई. या वाहतुकीला बंजारा समाज लदेणी म्हणतो. मीठ, धान्य, कापूस, गूळ, खारीक असा माल लादून हजारो बैलांचे तांडे कोकणच्या मिठागरांपासून वऱ्हाड-तेलंगणापर्यंत फिरत. लमाण हे नाव लवणावरून, म्हणजे मिठावरून पडले, असे मानले जाते. समुद्रापासून इतक्या दूरच्या मुलखात मिठाचा खडा पोचवणारा माणूस त्या नावाने ओळखला जावा, हे पटण्याजोगे आहे.

गाडी असताना पाठीवरच्या ओझ्याचा खटाटोप कशाला, याचे उत्तर जमिनीत आहे. गोदावरी-मांजरा खोऱ्यातली काळी माती पावसात चाक आसापर्यंत गिळते, आणि बालाघाटच्या चढणीवर बांधीव रस्ता नसेल तर भरलेली गाडी जागची हलत नाही. पाठीवर ओझे घेतलेला बैल मात्र पायवाटेने चढतो, नाल्यात उतरतो, उथळ नदीही पार करतो. शिवाय त्याची वैरण बरोबर न्यावी लागत नाही. तो वाटेतच चरतो. म्हणूनच तांडा सावकाश चाले. 1632 मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने उत्तर हिंदुस्थानात धान्य लादलेल्या 14,000 बैलांचा तांडा पाहिला. दिवसाची मजल सहा-सात मैलांपेक्षा जास्त नसते, असे त्याने नोंदवले आहे. घाई केली तर चरायला वेळ मिळत नाही आणि चार दिवसांत बैल बसतो. व्यापाराचा सगळा हिशेब या संथपणावरच बेतलेला होता.

 बैल लादण्यात खरी कसोटी तोल साधण्याची असे. पाठीवर आधी पेंढा भरलेले पालाण, त्यावर दोन्ही कुशींना लोंबणारी गोण, आणि सगळे जागी धरणारा पोटाखालचा तंग. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या भराव्या लागत. एक बाजू शेर-दोन शेर जड झाली तरी गोण सरकते, पालाण कण्यावर घासते आणि बैलाची पाठ सोलून निघते. जखमी पाठीचा बैल आठवडेच्या आठवडे बिनकामाचा होतो, आणि त्याचा माल बाकीच्यांना वाटून द्यावा लागतो. फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए याने सतराव्या शतकात एका बैलाचे ओझे 300 ते 350 पौंड दिले आहे, म्हणजे साधारण दीड क्विंटल. दहा-बारा हजार बैलांची एकच रांग अरुंद वाटेवर आली की इतर प्रवाशांना दोन-तीन दिवस खोळंबावे लागे, असेही तो सांगतो.

गोणीचे कापड बाजारातून क्वचितच येई. ताग आणि अंबाडीचा धागा तांड्यातली माणसे चालता चालता वळत आणि त्याच्याच गोण्या व दोरखंड करत. मुक्कामाला ओझी उतरली की गोणींची थप्पी रचून भिंत केली जाई. तिच्या आडोशाला माणसे, जवळच बांधलेली जनावरे आणि भोवती राखणीची कुत्री. लातूर जिल्ह्यातले जानवळ गाव आजही कारवानी आणि पश्मी कुत्र्यांसाठी ओळखले जाते. पैकी कारवानी हे नाव काफिल्याचीच आठवण देते. वाट, पाण्याची ठिकाणे आणि भांडणतंटे यांचा निर्णय नायकाकडे, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाकडे असे. पावसाळ्याचे चार महिने तांडा चराऊ रानाजवळ थांबे.

सर्वांत पुढे चालणाऱ्या बैलाच्या पाठीवर मात्र ओझे नसे. वणी भागातील बंजाऱ्यांवर 1882 मध्ये लिहिणाऱ्या कंबरलेजने या बैलाचे नाव हताडिया दिले आहे. तो बालाजीला वाहिलेला. अंगावर लाल रेशीम, पितळी घुंगरे, कवड्यांच्या माळा. तो थकून बसेल तिथे त्या दिवसाचा मुक्काम टाकायचा, आणि तांड्यात कुणी आजारी पडले की त्याच्या पायाशी नवस बोलायचा, अशी रीत होती.

या वाहतुकीवर बाजारांइतक्याच फौजाही जगत. दख्खनेत उतरलेल्या मोगल सैन्याला धान्य पुरवणाऱ्या भंगी आणि झंगी नाईकांकडे 1,80,000 बैल होते, अशी परंपरा आहे. आकडा सैल धरला तरी पुरवठ्याचा आवाका कळतो. 1791-92 मध्ये टिपूविरुद्ध कॉर्नवॉलिसने आणि 1803 मध्ये मराठ्यांविरुद्ध वेलस्लीने याच तांड्यांचा आधार घेतला. दोन्ही बाजूंना धान्य विकणारा व्यापारी म्हणून तांड्याची लूट सहसा टाळली जाई.

हे चक्र मोडले ते लोहमार्गाने. 1900 च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज नांदेडवरून धावू लागली. 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी फाटा लातूरला पोचला, आणि लातूर हे धान्याचे मोठे पेठगाव बनले. सोळा रस्ते एकत्र येणारी गंजगोलाई त्यानंतरची. बैल संपले नाहीत. शेतापासून स्टेशनापर्यंत बैलगाडी वाढली, आणि लाल कंधारी व देवणी जातीच्या जोड्यांना भाव आला. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतला जनावरांचा बाजार अजून भरतो. पण शेकडो मैलांची लदेणी संपली. त्याआधीच, 1871 मध्ये, इंग्रजी मुलखात भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा झाला होता. धंदा गेला आणि वाटेवर फिरणेही संशयाचे ठरले. बहुतेक तांडे डोंगरउतारावर, कोरडवाहू जमिनीलगत बसले.

आता मजल सुरू होते दिवाळीनंतर. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर या तालुक्यांतील कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि टोळी कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर मोजली जाते. ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आधी ज्वारीची पोती आणि भांडी, मग कोपीसाठी, म्हणजे झोपडीसाठी, बांबू व ताडपत्री, कडेला पाण्याचे ड्रम, वर अंथरुणे, त्यावर मुले आणि कधी शेळ्या. गाळप संपेपर्यंत सहा महिन्यांचा संसार एवढ्यात बसवायचा असतो.

तांडा हा शब्द एकेकाळी चालत्या काफिल्याचा होता. आज तो नांदेड-लातूरच्या गावठाणाबाहेरील कायमच्या वस्तीचा आहे, आणि ऊसतोडीच्या हंगामात यातल्या कित्येक घरांना कुलूप असते.