चूळ, दांत आणि विहिरीचें पाणी

दांत घासून चूळ भरल्यावांचून मुखांत अन्नाचा कण घालावयाचा नाहीं, हा दंडक मराठी घरांत पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. पुढें या चुळीच्या जोडीला दुकानांतील रंगीत माऊथवॉशची बाटली आली, आणि घासण्याचे श्रम ती बाटलीच वांचवील, अशी समजूतहि तिच्याबरोबर आली. ही समजूत कितपत खरी, याचा निवाडा इतिहासानें पूर्वींच करून ठेवला आहे.

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ ग्रंथांत दिनचर्या सांगतांना प्रथम दंतधावन येतें व गंडूषाचा क्रम त्यानंतर लागतो. दांतवणासाठीं रुई, वड, खैर, करंज, अर्जुन इत्यादिकांच्या काड्या सांगितल्या आहेत. हीं झाडें यवतमाळकडील लोकांच्या परिचयाचींच आहेत. तोंड गच्च भरून द्रव स्थिर धरावयाचा तो गंडूष, आणि तोंडांत खुळखुळवितां येईल इतकाच घ्यावयाचा तो कवल, असा सूक्ष्म भेदहि तेथें केलेला आहे. म्हणजे प्राचीन वैद्यांनीं चुळीला औषधाचा मान दिला. काडीची जागा मात्र दिली नाहीं.

या क्रमाचें मर्म पुढें हॉलंडांतील डेल्फ्ट गांवच्या आंतोनी व्हान लेवेनहुक यास प्रत्यक्ष दिसलें. इ. स. १६८३ मध्यें त्यानें दांतांवरील किटण सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें, तों त्यांत असंख्य जीव वळवळत होते. त्यानें तीव्र शिरक्यानें खळखळून चूळ भरली व पुन्हां किटण तपासलें, जीव होतेच. तोच शिरका बाहेर काढलेल्या किटणांत मिसळतांच मात्र ते मेले. औषध जालीम होतें, परंतु थराच्या आंत तें पोंचलें नव्हतें.

१८७९ मध्यें अमेरिकेंत सेंट लुई येथें जोसेफ लॉरेन्स यानें ‘लिस्टरीन’ तयार केलें, तें मूळ शस्त्रक्रियेंतील जंतुनाशासाठीं. मुखदुर्गंधीची भीति दाखवून त्याला घरोघरीं नेलें, तें १९२० नंतरच्या जाहिरातींनीं. १९७० मध्यें डेन्मार्कमधील लो व शिऑट या संशोधकांनीं क्लोरहेक्सिडीनच्या ०.२ टक्के द्रावणानें दिवसांतून दोनदां चूळ भरल्यास किटण धरत नाहीं, असें दाखविलें. हें द्रव्य खरोखरीच गुणकारी. पण दीर्घकाळ वापरल्यास तेंच दांतांवर तपकिरी डाग पाडतें. म्हणून दंतवैद्याच्या सल्ल्यानें, थोड्या दिवसांपुरतेंच तें घेणें इष्ट.

यवतमाळ जिल्ह्यांत डागांचा प्रश्न याहून खोल आहे. पांढरकवडा, झरी जामणी या भागांतील कित्येक गांवीं विहिरींच्या व बोअरच्या पाण्यांत खडकांतून उतरलेलें फ्लोराईड प्रमाणाबाहेर असतें. भारतीय मानकानें दर लिटरला १ मिलिग्रॅम, व दुसरें पाणीच नसल्यास १.५ मिलिग्रॅम, अशी मर्यादा घातली आहे. त्याहून अधिक फ्लोराईड बालपणीं पोटांत जात राहिलें, तर हिरडीखालीं घडत असलेल्या पक्क्या दांतांचें कठीण कवचच सदोष होतें. अमेरिकेंतील कोलोराडोमध्यें फ्रेडरिक मॅके या दंतवैद्यानें १९०१ पासून असेच डाग पाहिले. त्यांचें मूळ पाण्यांतील फ्लोराईडमध्यें आहे, हें उघड व्हावयास १९३१ साल उजाडलें.

असे डाग असलेल्या मुलास घाणेरडें म्हणून रागें भरणें हा त्याच्यावर अन्याय होय. तो डाग कवचाच्या घडणींतच असल्यामुळें कोणत्याहि चुळीनें जात नाहीं. उलट फ्लोराईडयुक्त माऊथवॉश सहा वर्षांखालील मुलांस देऊं नये, कारण तीं तो गिळून टाकतात. पाणी उकळूनहि फ्लोराईड निघत नाहीं. पाणी तपासून घेणें आणि पिण्यासाठीं निर्दोष पाणी मिळविणें, हाच तेथें खरा उपाय.

तेव्हां चूळ अवश्य भरावी. पण घासून झाल्यावर भरावी. आणि मुलाच्या हातीं बाटली देण्यापूर्वीं तें कोणत्या विहिरीचें पाणी पितें, एवढें विचारून घ्यावें.