मळीचे मोल
माधवनगर रस्त्यावरचा, वसंतदादा पाटील यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला शेतकरी सहकारी साखर कारखाना आपण साखरेमुळे ओळखतो. परंतु साखर काढल्यावर उरणारी काळी मळीही धनच होय. ती पाण्यात पातळ करून यीस्ट घातले, म्हणजे तिच्यातील साखरेचा मद्यार्क होतो. ऊर्ध्वपातनाने तो वेगळा काढतात. त्यापासून ॲसेटिक आम्ल मिळते. मद्यार्क पेट्रोलात मिसळण्यासाठी १९४८ साली कायदा झाला. तो २००० साली रद्द झाला, आणि २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत मिश्रण पुन्हा सुरू झाले. मात्र एक लिटर मद्यार्कामागे सुमारे ८ ते १५ लिटर सांडपाणी उरते. प्रक्रिया न करता ते कृष्णेत सोडल्यास पाण्यातील प्राणवायू संपून मासे मरतात. मळीचे मोल मोजताना नदीचेही मोल आपण धरलेच पाहिजे.