बॅकअप घेतलाय, पण उघडून पाहिलाय का?

आजच्या भागात एका रात्रीचा इतिहास. आमच्या टीममध्ये कुणी नवीन आलं, की डेटाबेसचा पासवर्ड देण्याआधी मी त्याला ही गोष्ट सांगतो.

तारीख ३१ जानेवारी २०१७. गिटलॅब म्हणजे जगभरचे डेव्हलपर आपला कोड ठेवतात ती साइट. त्यांचा पोस्टग्रेस डेटाबेस दोन सर्व्हरवर होता. एक मुख्य आणि दुसरा त्याची सतत अपडेट होणारी कॉपी. त्या संध्याकाळी लोड वाढला आणि दुसरा सर्व्हर मागे पडला. त्याला हव्या असलेल्या नोंदी मुख्य सर्व्हरवरून आधीच पुसल्या गेल्या होत्या. आता एकच मार्ग उरला: दुसऱ्यावरचा डेटा काढायचा आणि नव्याने पूर्ण कॉपी घ्यायची.

यूटीसीप्रमाणे रात्रीचे साडेअकरा, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे पाच. कॉपी घेणारी कमांड काहीच न सांगता नुसती थांबून राहत होती. इंजिनिअरला वाटलं, फोल्डर रिकामं नाही म्हणून अडलंय. त्याने डिलीट मारलं. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, की आपण मुख्य सर्व्हरवर आहोत. कमांड थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले फक्त ४.५ जीबी उरले होते.

ठीक आहे, बॅकअप असेलच ना? इथेच सगळा घोळ आहे.

रोजचा बॅकअप ॲमेझॉनच्या एस-थ्रीवर जायचा. तिथे पाहिलं तर काहीच नाही. डेटाबेस होता ९.६ व्हर्जनचा आणि पीजी-डंप चालत होतं ९.२चं. जुनं पीजी-डंप नव्या डेटाबेसला हात लावत नाही, एरर देऊन बंद पडतं. मग एररचे ईमेल? ते निघत होते, पण डीमार्कच्या तपासणीत अडकून नाकारले जात होते. अझूरचे डिस्क स्नॅपशॉट फाइल सर्व्हरसाठी चालू होते, डेटाबेससाठी नाही.

वाचवलं ते एका योगायोगाने. सुमारे सहा तास आधी एका इंजिनिअरने टेस्टिंगसाठी स्वतःहून एक स्नॅपशॉट घेऊन ठेवला होता. तोच परत आणला. टेस्टिंगच्या डिस्क इतक्या स्लो होत्या, की कॉपी व्हायलाच जवळपास १८ तास गेले. लोकांचा कोड वेगळीकडे असल्यामुळे सुखरूप राहिला. पण सुमारे ५,००० प्रोजेक्टच्या नोंदी, ५,००० कमेंट आणि ७०० नवीन अकाउंट गेले ते गेलेच.

या सगळ्या वेळात गिटलॅबने काहीच लपवलं नाही. दुरुस्तीच्या नोंदी सगळ्यांना वाचायला खुल्या होत्या, काम यूट्यूबवर लाइव्ह चालू होतं. जगभरचे डीबीए ‘हगऑप्स’ हा हॅशटॅग टाकून धीर देत होते. कारण प्रत्येकाला माहीत होतं, हे आपल्याही हातून होऊ शकतं.

१० फेब्रुवारीला त्यांचा सविस्तर अहवाल आला. त्यात माणसाचं नाव घेऊन ठपका नाही. ‘का?’ विचारत विचारत तो एका जागी येऊन थांबतो: बॅकअप नीट होतोय का हे तपासण्याची जबाबदारी कुणाकडेच नव्हती. मला विचाराल तर त्या रात्रीचं मूळ कारण हेच. डिलीटची कमांड तर फक्त निमित्त.

म्हणून तीन कामं. एक, महिन्यातून एकदा बॅकअप वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करा, टेबलमधल्या ओळी मोजा आणि किती वेळ लागला तेही लिहून ठेवा. दोन, प्रॉडक्शनच्या टर्मिनलचा रंग वेगळा ठेवा, सर्व्हरचं नाव ठळक दिसू द्या. तीन, नुसत्या एररच्या ईमेलवर विसंबू नका. आज नवी फाइल आली का आणि तिचा साइज बरोबर आहे का, हे रोज तपासणारी स्क्रिप्ट लावा.

आणि उद्या टीमला एकच प्रश्न विचारा: ‘आपला शेवटचा रिस्टोअर कुणी केला?’ सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तर ते काम आपल्या नावावर लिहून घ्या.