चिंच आणि कल्हई : मोटारीच्या चकाकीची कहाणी

आपल्या घरांत एके काळी भांडी लखलखीत ठेवण्याचे दोन निराळे मार्ग होते. तांब्याचा हंडा चिंचेने घासला की वरचा काळपट थर निघून जाई आणि आतला तांबूस धातू उजेडात येई. पितळी पातेल्याला मात्र कल्हईवाला आतून कथलाचा पातळ थर देई, म्हणजे आंबट आमटी कळकत नसे. एका कामात काही काढायचे, दुसऱ्यात काही चढवायचे. कोणत्याही गृहिणीने ही दोन कामे एक मानली नाहीत. मोटारीच्या बाबतीत मात्र पॉलिश आणि वॅक्स हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. हा घोटाळा कसा झाला याचे उत्तर मोटारीच्या रंगाच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास पाहायला आपल्या विंडसरइतके सोयीचे गाव नाही.

हायरम वॉकरच्या मद्याच्या कारखान्याभोवती वसलेल्या वॉकरव्हिलमध्ये, म्हणजे १९३५ साली विंडसरमध्ये विलीन झालेल्या गावात, गॉर्डन मॅक्ग्रेगर यांचा घोडागाड्या बनवण्याचा कारखाना होता. तिथेच १९०४ साली फोर्ड मोटर कंपनी ऑफ कॅनडा सुरू झाली. त्या काळी मोटारीही बग्गीसारख्याच रंगवीत. जवसाच्या तेलाचे व्हार्निश थरावर थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, मग बारीक दगडाच्या पुडीने पाणी लावून घासायचा. एकेका गाडीला आठवडेच्या आठवडे लागत. फोर्डने साखळीपद्धतीने गाड्या काढायला सुरुवात केल्यावर हे परवडेना. १९१४ ते १९२५ या काळात त्याची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळे, कारण भट्टीत भाजून वाळवायचा तो काळा रंग स्वस्त, टिकाऊ आणि झटपट होता.

पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटले. स्फोटकांसाठी लागणारे नायट्रोसेल्युलोज बनवणाऱ्या कारखान्यांना नवे गिऱ्हाईक हवे होते. ड्युपाँ आणि जनरल मोटर्स यांनी मिळून त्यापासून फवारून मारण्याचा रंग तयार केला. त्याचे नाव ड्युको. १९२४ च्या मॉडेलची निळी ओकलंड मोटार हा रंग लेवून बाजारात आली. आठवड्यांचे काम तासांवर आले. पण हा रंग वाळल्यावर काहीसा निस्तेज दिसे, आणि कारखान्यात कंपाउंड लावून तो घासावा तेव्हा कुठे आरसा होई. पुढे उन्हापावसाने वरचा थर पिठूळ होई. फडके फिरवले की गाडीचाच रंग फडक्याला लागे. तो मेलेला थर काढण्यासाठी मालक अधूनमधून पॉलिश करी. रंग जाड असल्याने ते चालूनही जाई.

ही सवय आपल्यापैकी अनेकांनी मुंबईहूनच आणली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून १९४७ साली कुर्ल्याहून डॉज आणि प्लिमथ गाड्या काढायला सुरुवात केली. त्याच क्रायस्लरचा विंडसरमधला कारखाना १९२८ चा. म्हणजे कुर्ला आणि विंडसर यांचे नाते आपण इथे येण्याआधीपासूनचे. ड्युको हा शब्द तर आपल्याकडे इतका रुजला की सुतारही कपाटाला ड्युको मारतात, आणि गॅरेजमध्ये मोटारीला रबिंग करणे ही नित्याची गोष्ट होती.

वॅक्सचे घराणे वेगळे. ब्राझीलच्या ईशान्य भागात कार्नाउबा नावाचा ताड होतो. कडक उन्हात पानांतले पाणी उडून जाऊ नये म्हणून तो पानांवर मेणाचा लेप धरतो. मधमाशीचे मेण ६० अंशांच्या थोडे वर वितळते, तर हे ८० च्या पुढे, म्हणून उन्हात तापलेल्या पत्र्यावर ते तग धरते. या झाडाचा माग काढत विस्कॉन्सिनच्या जॉन्सन वॅक्स कंपनीचे हर्बर्ट जॉन्सन १९३५ साली विमानाने थेट ब्राझीलला गेले होते. शिकागोच्या सिमनाइझ कंपनीचे नाव तर इंग्रजीत क्रियापद होऊन बसले. पुढे ग्राहकाचे श्रम वाचावेत म्हणून घासणारी पूड आणि मेण एकाच डब्यात येऊ लागले, आणि दोन्ही शब्दांची खिचडी झाली. तोवर त्यात मोठे नुकसान नव्हते.

नुकसान सुरू झाले ते १९८० च्या दशकात. आता रंगाचा थर पातळ असतो आणि त्यावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. विंडसरच्या कारखान्यातून १९८३ साली पहिली मिनीव्हॅन बाहेर पडली त्याच सुमारास ही पद्धत उत्तर अमेरिकेत पसरत होती. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाहूनही पातळ. दरवेळच्या पॉलिशने त्यातले एकदोन मायक्रॉन जातात, खरखरीत कंपाउंडने त्याहून अधिक. शिवाय फडक्याला गाडीचा रंग लागत नाही, त्यामुळे काही झिजते आहे हे कळतही नाही. एक दिवस टपावर पांढुरके चट्टे उठतात, पापुद्रे सुटतात, आणि मग ना पॉलिश कामाचे ना वॅक्स. तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो. नव्याने आलेल्या कुटुंबाची जुनी गाडी विकायची वेळ येते तेव्हा हा हिशेब चांगलाच जाणवतो.

तेव्हा मंडळी, नियम सोपा आहे. बारीक ओरखडे किंवा पाण्याचे डाग दिसले तरच पॉलिश, तेही सौम्य. नख अडकेल इतका खोल ओरखडा असेल तर घासत बसू नये. वॅक्सने ओरखडा जात नाही, आणि पॉलिशने संरक्षण मिळत नाही. वॅक्स काही महिन्यांत धुऊन जाते, म्हणून वर्षातून दोनतीनदा, धुतलेल्या गाडीवर, सावलीत लावावे.

आणि एक गोष्ट आपल्या गावाची. विंडसरच्या पोटात मिठाची खाण आहे आणि हिवाळ्यात मीठ रस्त्यावर येते. बॉनेटवरचे वॅक्स ते मीठ रंगाला चिकटू देत नाही, पण गंज धरतो तो दाराच्या खालच्या कडेला आणि गाडीच्या पोटाला. तिथे वॅक्स पोचत नाही. तिथे तेलाचा फवारा आणि वसंतात खालून पाण्याची धार हाच उपाय. कल्हई पुन्हा करता येते, पण घासून झिजलेला हंडा पुन्हा जाड होत नाही. पहिले मीठ पडण्याआधी, ऑक्टोबरातल्या एखाद्या कोरड्या शनिवारी, मुलांना हाताशी घेऊन वॅक्सचे काम उरकावे हे बरे.