ताजच्या नृत्यगृहातून खानदेशच्या वरातीत

लग्नसराईच्या दिवसांत भुसावळजवळील दीपनगरच्या आसपासच्या एखाद्या गावातून वरात निघाली, म्हणजे नवरदेवाच्या घोड्यापुढे जरीचे गणवेश ल्यालेले बँडवाले ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट फुंकीत चालतात, आणि त्यांच्या ठेक्यावर वऱ्हाडी मंडळी देहभान विसरून नाचतात. ही पितळी वाद्ये आपल्या मुलखात पलटणींच्या बँडमार्फत आली, हे सर्वश्रुत आहे; परंतु त्यांतून निघणाऱ्या जुन्या चित्रगीतांच्या चालींचा माग काढू लागलो, तर ती वाट लष्करी छावणीकडे न वळता थेट मुंबईच्या अपोलो बंदराकडे, ताजमहाल हॉटेलच्या नृत्यगृहाकडे जाते.

जमशेटजी टाटा यांनी हे हॉटेल १९०३ साली उघडले, तेव्हा वीज आणि आधुनिक सुखसोयी यांचीच ख्याती अधिक झाली. संगीताच्या इतिहासात त्याला स्थान मिळाले ते १९३५ साली, जेव्हा लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला जाझवृंद घेऊन तेथे उतरला. ज्या अमेरिकेत त्याच्या बांधवांना अनेक हॉटेलांतून वादनासाठी बोलावीत, परंतु वस्तीला खोली देत नसत, त्या अमेरिकेतून आलेल्या या कलावंतांना येथील श्रोतृवर्गाने उस्तादाचा मान दिला. ॲबीच्या मागोमाग ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि शांघायहून आलेला पियानोवादक टेडी वेदरफोर्ड हे ताजमध्ये रुजू झाले. वेदरफोर्ड पुढे कलकत्त्यास गेला आणि १९४५ साली तेथेच पटकीने मरण पावला. मुंबई-कलकत्ता हा लोहमार्ग १८७० सालापासून भुसावळवरून जातो. दोन महानगरांमधील त्या कलंदर जगाचा राजरस्ता असा आमच्या अंगणातूनच गेलेला होता.

या पाहुण्यांच्या शेजारी बसून ज्यांनी ही विद्या आत्मसात केली, ते मुख्यतः गोमंतकीय होते. गोव्यातील चर्चच्या शाळांमधून मुलांना लहानपणीच व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकविली जात असे, आणि त्या शिदोरीवर ही मुले मुंबईस येऊन वादनाचा पेशा पत्करीत. फ्रँक फर्नांड यांनी ताजमध्ये अमेरिकन वादकांच्या साथीने वाजविले. मिकी कोरिया यांनी १९३९ पासून सुमारे दोन दशके तेथील वाद्यवृंदाची धुरा वाहिली. आणि हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ हे ट्रम्पेटवरील प्रभुत्वामुळे ‘चिक चॉकलेट’ या नावाने मशहूर झाले.

पुढे १९४९च्या दारूबंदी कायद्याने रात्रीच्या मैफली ओसरू लागल्या, आणि या वादकांना चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांनी आश्रय दिला. पुणतांब्याचे सी. रामचंद्र चाल बांधीत आणि चिक चॉकलेट तिला वाद्यमेळाचा साज चढवीत. १९५१ सालच्या ‘अलबेला’त तर चिक आपल्या वृंदासह पडद्यावरही दिसतात. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणे, ती कागदावर उतरवून प्रत्येक वादकाच्या पुढ्यात त्याच्या वाट्याचे स्वर लिहून ठेवण्याचे काम सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोमंतकीय करीत. रागदारीचा आत्मा आणि पाश्चात्त्य वाद्यमेळाचे शरीर यांचा असा संयोग या लेखणीने घडविला; तथापि तबकडीवर नाव छापले जाई ते संगीतकाराचे, लेखणी धरणारा बहुधा अनामिकच राही. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’तील नायकाचे नाव आबालवृद्धांच्या तोंडी आहे, परंतु ते नाव म्हणजे संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनगुरूंना, अर्थात गोन्साल्विस यांना, वाहिलेली गुरुदक्षिणा होय, हे किती जणांस ठाऊक असेल?

वास्तूची कीर्ती शिलालेखावर कोरता येते. विद्येचा वारसा मात्र एका हातातून दुसऱ्या हातात गेला तरच टिकतो. ताजच्या नृत्यगृहाचे खरे देणे हे दुसऱ्या प्रकारचे आहे. पंक्तिप्रपंचाने पोळलेल्या परदेशी कलावंतांनी ते गोमंतकीयांना दिले, त्यांनी चित्रपटास दिले, आणि ज्या हॉटेलाची पायरी चढण्याचा योग खानदेशातील कष्टकऱ्यास सहसा येत नाही, तेथील स्वर त्याच्या मुलीच्या लग्नात, त्याच्याच दारापुढे, त्याचाच सोयरा फुंकतो. म्हणून वरातीतील वादक श्वास घेण्यासाठी क्षणभर थांबला, की मी त्याच्या पितळी वाद्याकडे आदराने पाहतो.